स्पेशल्टी कॉफी खानदेशातील घरात: चाखणी आणि घरगुती पद्धतींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानदेशात घरोघरी चहा असतो. कॉफी म्हटली की बहुतेकांना बरणीतली विरघळणारी पावडर आठवते, नाहीतर पाहुण्यांसाठी जायफळ-वेलदोडा घालून दुधात उकळलेली कॉफी. आता मात्र ताज्या भाजलेल्या दाण्यांची पाकिटे कुरिअरने जळगाव, धुळे, नंदुरबारपर्यंत सहज पोहोचतात आणि आमच्याकडे चाखणीसाठी जमणारी मंडळी साधारण हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. या सर्व उत्तरांमागे आमचा एकच आग्रह आहे: दोन कप शेजारी-शेजारी ठेवावेत, त्यांच्यात एकच गोष्ट बदलावी आणि मगच मत बनवावे.

स्पेशल्टी कॉफी कशाला म्हणतात?

प्रशिक्षित परीक्षकांनी ठरावीक पद्धतीने चाखून ज्या कॉफीला शंभरपैकी ८० किंवा त्याहून अधिक गुण दिले आहेत, तिला व्यापारात स्पेशल्टी कॉफी म्हणतात. ही संज्ञा १९७४ मध्ये अमेरिकेतील कॉफी व्यापारी एर्ना क्नुट्सेन यांनी वापरात आणली. चाखण्याआधी न भाजलेल्या हिरव्या दाण्यांचीही तपासणी होते. ३५० ग्रॅमच्या नमुन्यात पूर्ण काळा पडलेला किंवा पूर्ण आंबलेला दाणा एकही चालत नाही, आणि तुटके, किडीने पोखरलेले असे किरकोळ दोष पाचांच्या वर जाऊ द्यायचे नसतात. अलीकडे गुणांच्या जोडीने चवीचे वर्णन आणि परीक्षकाची आवड यांची स्वतंत्र नोंद करण्याची पद्धत येऊ लागली आहे. ते योग्यच आहे, कारण ८६ गुणांची कॉफी ८२ गुणांच्या कॉफीपेक्षा आपल्याला अधिक आवडेलच असे नाही.

बरणीतल्या कॉफीपेक्षा ती वेगळी कशी?

बरणीतली इन्स्टंट कॉफी म्हणजे आधीच काढून, नंतर सुकवलेला अर्क असतो. त्यात सुगंधाचा मोठा भाग निघून गेलेला असतो. शिवाय आपल्याकडच्या अनेक लोकप्रिय पाकिटांत आणि बरण्यांत चिकोरीचे मिश्रण असते. चिकोरी ही एका वनस्पतीची भाजलेली मुळी आहे. कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी असा भारतीय नियम आहे आणि हे प्रमाण वेष्टनावर छापावे लागते. ते एकदा जरूर वाचून पाहावे.

भारतात अशी कॉफी पिकते का? सुरुवात कोणत्या कॉफीने करावी?

पिकते, आणि सुरुवात भारतीय कॉफीनेच करावी असे आमचे स्पष्ट मत आहे, कारण ती ताजी मिळते आणि दरही आवाक्यात राहतो. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनहून कॉफीच्या सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. आजही देशातील सर्वाधिक कॉफी कर्नाटकात, म्हणजे चिकमगळूर, कोडगू आणि हासन या जिल्ह्यांत होते; त्याखालोखाल केरळातील वायनाड आणि तमिळनाडूतील डोंगराळ भाग येतात, तर आंध्रातील अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकरी उत्तम अरेबिका (कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी एक; दुसरी रोबस्टा) पिकवतात. कूर्ग अरेबिका, चिकमगळूर अरेबिका, बाबाबुदनगिरी अरेबिका, अराकू व्हॅली अरेबिका आणि वायनाड रोबस्टा या पाच कॉफींना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला मिळालेले मानांकन याच प्रकारचे आहे.

पहिल्या खरेदीसाठी एस. ७९५ या वाणाची, मध्यम भाजलेली, धुऊन प्रक्रिया केलेली, म्हणजे फळाचा गर काढून, धुऊन वाळवलेल्या दाण्यांची कॉफी घ्यावी. तिची चव संतुलित असते आणि पद्धतीत थोडी चूक झाली तरी ती निभावून नेते. दुसरे पाकीट नॅचरल, म्हणजे फळासकट उन्हात वाळवलेल्या दाण्यांचे असावे. या दोहोंतला फरक पहिल्याच घोटाला कळतो, अगदी ज्यांनी आयुष्यभर फक्त चहा घेतला त्यांनाही. मान्सून्ड मलबार ही पावसाळी वाऱ्यात मुद्दाम फुगवलेल्या दाण्यांची, कमी आंबट आणि भरदार कॉफी त्यानंतर घ्यावी. रोबस्टाला कमी लेखण्याची पद्धत आहे. ती आम्हाला मान्य नाही. देशात होणाऱ्या कॉफीत साधारण ७० टक्के वाटा रोबस्टाचा आहे, आणि कापी रॉयल या प्रतीची, काळजीपूर्वक धुतलेली रोबस्टा दुधातल्या कॉफीसाठी फारच चांगली असते.

सातपुड्यात कॉफी होऊ शकते का?

होते. अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याला, म्हणजे सातपुड्याच्याच डोंगररांगांत, इंग्रजांच्या काळापासून कॉफीची झाडे आहेत. तापीकाठच्या मैदानात मात्र मे महिन्यातील ऊन अरेबिकाला सोसत नाही; तिला साधारण १५ ते २५ अंश तापमान आणि सावली मानवते.

पाकिटावर काय पाहून घ्यावे?

सर्वांत आधी भाजल्याची तारीख पाहावी. ती नसेल आणि फक्त 'अमुक महिन्यांपर्यंत उत्तम' असे लिहिले असेल, तर ते पाकीट घेऊ नये. त्यानंतर मळ्याचे किंवा भागाचे नाव, वाण, प्रक्रिया आणि भाजणी पाहावी. हलक्या भाजणीची कॉफी भाजल्यानंतर आठवडा-दोन आठवडे मुरल्यावर अधिक चांगली लागते, कारण दाण्यांत अडकलेला कार्बन डायऑक्साइड तोपर्यंत बराच बाहेर पडलेला असतो. त्यामुळे कुरिअरला चार दिवस लागले म्हणून हळहळण्याचे कारण नाही.

घरी चाखणी कशी भरवावी?

चार-पाच माणसे, तीन प्रकारची कॉफी आणि एकाच मापाच्या काचेच्या वाट्या किंवा ग्लास एवढे पुरते. व्यापारात या पद्धतीला कपिंग म्हणतात आणि तिचे प्रमाण १५० मिलिलिटर पाण्याला ८.२५ ग्रॅम कॉफी असे ठरलेले आहे; घरी १८० मिलिलिटरच्या ग्लासात १० ग्रॅम घेतली की तेच प्रमाण साधते. ग्रॅम मोजण्यासाठी डिजिटल काटा हवाच, कारण चमच्याने मोजलेली गडद भाजणीची कॉफी हलक्या भाजणीच्या कॉफीपेक्षा वजनाने कमी भरते आणि मग तुलनेला अर्थ राहत नाही.

चाखणी सकाळी नाश्त्यानंतर तास-दोन तासांनी ठेवावी. आदल्या दोन तासांत शेवभाजी, ठेचा, तंबाखू, पान यांपैकी काही घेतलेले नसावे. तिखटाने जीभ बधिर झालेली असली की कॉफीतला गोडवा कळतच नाही. खोलीत अगरबत्ती लावू नये आणि शेजारच्या स्वयंपाकघरात फोडणी चालू नसावी.

ग्लासांच्या तळाला बाहेरून कागदाचे लहान तुकडे चिकटवून त्यावर कॉफीचे नाव लिहावे आणि ग्लासांची जागा दुसऱ्या कोणाकडून तरी बदलून घ्यावी. आधी कोरड्या दळलेल्या कॉफीचा वास घ्यावा. मग उकळी आल्यावर अर्धा-एक मिनिट थांबून पाणी काठोकाठ ओतावे आणि घड्याळ लावावे. वर कॉफीचा जाड तवंग जमतो, त्याला हात लावू नये. बरोबर चार मिनिटांनी नाक ग्लासाच्या अगदी जवळ नेऊन चमच्याच्या पाठीने तो तवंग तीनदा मागे सारावा. त्या क्षणी जो वाफेचा झोत येतो, त्यात त्या कॉफीचा सर्वाधिक सुगंध असतो, म्हणून हे काम आळीपाळीने प्रत्येकाला करू द्यावे. नंतर दोन चमच्यांनी वरचा फेस काढून टाकावा.

पाणी ओतल्यापासून साधारण दहा मिनिटे झाल्यावर चाखायला सुरुवात करावी. चमचाभर कॉफी घेऊन जोरात भुरका मारावा. चारचौघांत भुरका मारण्याचा संकोच येथे ठेवू नये. त्यामुळे कॉफीचे बारीक तुषार जिभेभर पसरतात आणि सुगंध घशामागून नाकापर्यंत पोहोचतो. तोच ग्लास निवत असताना पुन्हा पुन्हा चाखावा, कारण कोमट झालेल्या कॉफीत गुणही उघडे पडतात आणि दोषही. प्रत्येकाने आपले मत आधी कागदावर लिहावे आणि मगच बोलावे. एकाने मोठ्याने 'चॉकलेट' म्हटले की बाकीच्या साऱ्यांना चॉकलेटच लागू लागते, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे.

यापुढची पायरी म्हणजे तीन ग्लासांपैकी दोनांत एकच कॉफी आणि तिसऱ्यात वेगळी ठेवून तो तिसरा ओळखायला लावणे. वर्णन एका शब्दानेही न करता जीभ तयार करण्याचा हा उत्तम सराव आहे.

पाकिटावर 'ब्लूबेरी', 'जास्मिन' लिहिलेले असते. आम्हाला ते लागत नाही. आमची जीभ कमी पडते का?

मुळीच नाही. जे फळ आपण कधी खाल्ले नाही, त्याची आठवण कॉफीत सापडण्याची अपेक्षाच चुकीची आहे. चव ओळखणे हे बऱ्याच अंशी आठवणे असते आणि खानदेशातल्या माणसाकडे या आठवणींचा साठा मोठा आहे: जास्त पिकून सालीवर काळे ठिपके पडलेली केळी, जांभूळ, करवंद, कैरी, आमसूल, चिंच, काकवी, ताजा गूळ, भाजलेले शेंगदाणे, खापरावरच्या पुरणपोळीचा खरपूसपणा, सातपुड्यातली मोहाची फुले. नॅचरल प्रक्रियेच्या कॉफीत पिकलेल्या केळीचा वास रावेर-यावलकडच्या मंडळींना पाकीट न वाचताही चटकन सापडतो, हे आम्ही चाखण्यांत पाहिले आहे. कागदावर हेच शब्द लिहावेत.

सुरुवातीला शब्दांपेक्षा पाच गोष्टींकडे लक्ष द्यावे: गोडवा किती, आंबटपणा सुखद की खट्ट, तोंडात भरदार लागते की पातळ, कडूपणा किती, आणि गिळल्यानंतर मागे काय उरते.

आमच्याकडे पाणी क्षारांचे आहे. त्याने फरक पडतो का?

खानदेशापुरते बोलायचे तर हाच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. गाळून तयार झालेल्या कॉफीत ९८ टक्क्यांहून अधिक पाणीच असते. आपल्याकडे अनेक घरांत कूपनलिकेचे जड पाणी येते; ज्या पातेल्यात रोज पाणी तापवले जाते, त्याच्या आतल्या बाजूला खरवडूनही न निघणारा पांढरा थर बसलेला दिसतो. हा थर बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. अशा पाण्यातील बायकार्बोनेट कॉफीतील आम्लांना मारून टाकतात. त्यामुळे सहाशे रुपयांचे पाकीटही खडूसारखे सपक लागते आणि दोष विनाकारण दाण्यांच्या माथी येतो.

याच्या उलट टोकाला आरओचे पाणी असते. त्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जवळजवळ निघून गेलेले असतात. दाण्यांतील चव पाण्यात उतरण्यास हे क्षार थोड्या प्रमाणात मदतच करतात, म्हणून अगदी रिकाम्या आरओ पाण्यात कॉफी टोचरी आणि पोकळ लागते.

स्पेशल्टी कॉफी असोसिएशन या कॉफी व्यवसायातील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या जुन्या मानकानुसार पाण्यात विरघळलेले एकूण क्षार लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास असावेत आणि ७५ ते २५० ही मर्यादा चालते. घरी टीडीएस मीटरने, म्हणजे हे एकूण क्षार मोजणाऱ्या लहान उपकरणाने, आरओचे पाणी आणि गाळलेले नळाचे पाणी मोजावे आणि दोन्ही अशा प्रमाणात मिसळावीत की आकडा १०० ते १५० च्या दरम्यान येईल. मीटर फक्त क्षारांची बेरीज सांगतो, ते कोणते आहेत हे सांगत नाही, त्यामुळे अंतिम निकाल जिभेचाच घ्यावा: एकच कॉफी, तीन ग्लास, एकात बोअरचे पाणी, दुसऱ्यात आरओचे आणि तिसऱ्यात मिश्रण. नव्या उपकरणावर एक रुपयाही घालण्याआधी ही एक चाखणी प्रत्येक घराने करावी, असे आम्ही कळकळीने सांगतो.

मिसळण्याची सोय नसेल तर बोअरचे पाणी पाच-दहा मिनिटे उकळून, निवू देऊन, वरचे निवळ पाणी पुन्हा तापवून वापरावे. उकळल्याने बायकार्बोनेटचा काही भाग तळाशी बसतो.

पाणी किती तापलेले असावे?

साधारण ९० ते ९६ अंश. जळगाव-धुळ्यात उकळी आल्यानंतर अर्धा-एक मिनिट थांबावे. तोरणमाळच्या उंचीवर पाणी सुमारे ९६ अंशांनाच उकळते, तेथे थांबण्याची गरज नाही.

ग्राइंडर नाही. मिक्सर चालेल का?

चालेल, पण त्यासाठी स्वतंत्र भांडे ठेवावे. ज्या भांड्यात खानदेशी काळा मसाला किंवा नंदुरबारची मिरची दळली आहे, ते कितीही घासले तरी झाकणाच्या रबरात आणि पात्याखालच्या फटीत वास राहतो आणि तो थेट कपात उतरतो. मिक्सर सलग फिरवू नये. क्षणभर चालू, क्षणभर बंद असे करत भांडे मध्ये मध्ये हलवावे. मग मैद्याच्या चाळणीने बारीक पूड वेगळी काढावी, कारण तीच कडूपणा आणते. चाळणीवर उरलेली भरड फ्रेंच प्रेससाठी, म्हणजे जाळीचा दांडा दाबून कॉफी गाळण्याच्या भांड्यासाठी, योग्य असते.

पुढे-मागे पैसे खर्च करायचे ठरले तर ते आधी हाताने फिरवायच्या बर ग्राइंडरवर करावेत. तो दाणे कापत नाही, दोन दातेरी पृष्ठभागांमध्ये भरडतो, त्यामुळे दळण एकसारखे येते. शिवाय तो वीज गेली तरी चालतो.

कोणत्या पद्धतीने सुरुवात करावी?

फ्रेंच प्रेसने. त्यात बिघडण्यासारखे फार थोडे आहे. ३०० मिलिलिटर पाण्याला १८ ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी घ्यावी, पाणी ओतून चार मिनिटांनी वरचा थर ढवळावा, फेस काढावा, आणखी चार-पाच मिनिटे थांबावे आणि दांडा अगदी हलकेच दाबून कॉफी ओतून घ्यावी. तळाचा गाळ भांड्यातच राहू द्यावा. फ्रेंच प्रेसही नसेल तर हेच सारे पातेल्यात करून चहाच्या गाळणीने गाळता येते.

दुसरी पद्धत पोअर-ओव्हरची, म्हणजे कागदी फिल्टरमधल्या कॉफीवर वरून पाणी ओतण्याची. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने १९०८ मध्ये कागदी फिल्टरचे हक्क नोंदवले आणि आजची सारी शंकूच्या आकाराची उपकरणे त्याच कल्पनेवर चालतात. १५ ग्रॅम कॉफी, बारीक रव्याहून किंचित जाड दळलेली, आणि २५० मिलिलिटर पाणी घ्यावे. कागद आधी गरम पाण्याने भिजवून ते पाणी टाकून द्यावे. मग ४५ मिलिलिटर पाणी ओतून पाऊण मिनिट थांबावे. कॉफी ताजी असेल तर ती फुगून वर येते आणि बुडबुडे फुटतात. हा वायू आधी बाहेर पडला नाही तर पुढचे पाणी दाण्यांत नीट शिरत नाही. उरलेले पाणी दोन-तीन टप्प्यांत, बारीक धारेने ओतावे. एकूण अडीच ते साडेतीन मिनिटांत पाणी उतरले पाहिजे. स्वच्छ, निवळ चव हवी असेल तर याला तोड नाही.

दक्षिणी स्टीलचा फिल्टर दुधाच्या कॉफीसाठी सर्वांत योग्य आहे. २० ते २५ ग्रॅम कॉफी वरच्या भांड्यात भरून, चकती हलकी ठेवून शंभरेक मिलिलिटर पाणी ओतावे. पंधरा-वीस मिनिटांत दाट डिकॉक्शन, म्हणजे दुधात मिसळायचा अर्क, खाली उतरते. मोका पॉट, म्हणजे वाफेच्या दाबाने कॉफी वर चढवणारे भांडे, १९३३ पासून इटलीत बनते आणि गॅसच्या मंद आचेवर उत्तम चालते. त्यात कॉफी दाबून भरू नये आणि गुरगुर सुरू होताच ते आचेवरून उतरवावे. एरोप्रेस, म्हणजे पिचकारीसारखी दाबून कॉफी गाळण्याची नळी, प्रवासात सोयीचा आहे. एस्प्रेसो यंत्राचा विचार या सगळ्यानंतर, तोही खरोखर गरज वाटली तरच करावा.

कॉफी आंबटढाण किंवा कडूजहर होते. दुरुस्ती कशी करावी?

खट्ट, खारट, पाणचट लागली तर दाण्यांतून चव पुरेशी उतरलेली नाही: दळण थोडे बारीक करावे किंवा वेळ वाढवावा. कडू, तुरट आणि घशाला कोरड आणणारी लागली तर चव गरजेपेक्षा जास्त उतरली आहे: दळण जाड करावे. दाण्यांच्या वजनापैकी साधारण १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरला की कॉफी समतोल लागते, असे अभ्यासकांनी १९५० च्या दशकापासून मांडले आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दळण, पाणी आणि प्रमाण तिन्ही एकदम बदलले तर सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही.

उन्हाळ्यात गरम कॉफी नकोशी होते. दुसरा मार्ग आहे का?

कोल्ड ब्रू करावी. १०० ग्रॅम जाडसर कॉफी एक लिटर थंड पाण्यात भिजवून बारा ते सोळा तास ठेवावी आणि दोनदा गाळावी. हे भिजवणे फ्रिजमध्येच करावे. जळगाव-भुसावळात पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा ओट्यावर रात्रभर ठेवलेले कोणतेही पेय सुरक्षित नसते. गाळलेली कॉफी फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगली राहते.

दूध आणि साखर घातली तर चालत नाही का?

चालते. पहिले दोन घोट तसेच घ्यावेत आणि मग हवे ते घालावे. आपल्याकडच्या म्हशीच्या दुधात स्निग्धांश भरपूर असतो आणि त्याखाली हलक्या भाजणीतला नाजूक आंबटपणा दबून जातो. म्हणून दुधासाठी मध्यम ते गडद भाजणीची, शक्यतो थोडी रोबस्टा असलेली कॉफी घ्यावी.

दाणे कसे साठवावेत?

हवाबंद डब्यात, अंधारात, शेगडीपासून दूर. उघडलेले पाकीट फ्रिजमध्ये ठेवू नये. बाहेर काढल्यावर त्यावर ओल धरते आणि लसणाचा वासही लागतो. जास्त साठा असेल तर लहान, पूर्ण बंद पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात आणि बाहेर काढलेली पुडी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी.

कॉफीने पित्त होते आणि झोप उडते, हे खरे का?

कॉफी जठरातील आम्लस्राव वाढवते, त्यामुळे ज्यांना जळजळीचा त्रास आहे त्यांनी उपाशीपोटी घेऊ नये आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चवीतला आंबटपणा हा मात्र पित्ताचा मापदंड नाही. निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन सर्वसाधारणपणे सुरक्षित मानले जाते. गरोदरपणात युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे. रोबस्टात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफीन असते. शरीरातून अर्धे कॅफीन बाहेर पडायला सरासरी पाचेक तास लागतात, त्यामुळे चारनंतरची कॉफी अनेकांची झोप बिघडवते. चाखणीत कॉफी थुंकून टाकण्यासाठी म्हणूनच वेगळे भांडे ठेवतात.

हा छंद परवडतो का?

२५० ग्रॅमचे पाकीट ५०० रुपयांना मिळाले, तर १५ ग्रॅमच्या हिशेबाने त्यात सोळा कप होतात, म्हणजे कपामागे तीस रुपयांच्या आसपास. टपरीवरच्या चहापेक्षा हे महाग आहे. तिघा-चौघांनी मिळून दोन वेगळी पाकिटे मागवली आणि वाटून घेतली, तर खर्चही विभागतो आणि शेजारी-शेजारी ठेवून चाखायला दोन कॉफीही मिळतात.

उरलेल्या चोथ्याचे काय करावे?

कंपोस्टच्या खड्ड्यात किंवा गांडूळखतात इतर काडीकचऱ्याबरोबर मिसळावा. कुंडीत थेट जाड थर देऊ नये. वाळल्यावर त्याची घट्ट पापडी बनते आणि पाणी खाली मुरत नाही.